हरकतदार गैरहजर

रत्नाताई,

धसईच्या एसटी थांब्यावर तुझा बॅनर अजून लटकतोय. एका बाजूची दोरी तुटलीय, त्यामुळे तुझा चेहरा दुमडलाय आणि शेजारचे पुढारी मात्र हात जोडून ताठ उभे आहेत. फोटो तुझ्या आधारकार्डावरचा, तोच ओढून मोठा केलाय. खाली 'समुद्रकन्या' असं लिहिलंय. त्या पुढाऱ्यांपैकी एकालाही तू काय काम करत होतीस ते सांगता येणार नाही. जलदान विधीला त्यातले दोघं येऊन गेले. फोटो काढून झाल्यावर एकाने मला विचारलं, "मॅडम नेव्हीत होत्या ना?" मी त्याच्या हातात चहाचा कप दिला. तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बाहेर आलं असतं.

तुला जाऊन अडीच महिने झाले. रडू येतं, पण ते कमी. जास्त येते ती किळस. सकाळी ईमेल उघडला की येते, कोणी 'केवढं मोठं कार्य' म्हटलं की येते, आणि कधीकधी स्वतःचीही येते. तुझ्यामागे काय काय झालं ते तुला सांगायचं आहे. इथे दुसऱ्या कोणाला सांगायला गेले तर सुरुवात समुद्रापासून करावी लागते, आणि माणसं तिथेच उठून जातात.

माझ्या आईला मात्र तू एका बैठकीत समजावलं होतंस. मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन तिच्यासाठी वैशाखऱ्याला परत आले, त्याच वर्षी. तू ओटीवर बसली होतीस आणि आई वाल सोलत होती. तिने विचारलं, "माझी संगी तुज्या घरी रोज येऊन काय लिवते?"

तू म्हणालीस, "नकाशे काढते, मावशी. समुद्राच्या तळाचे. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैल समुद्र ज्याच्या त्याच्या देशाचा. पण कुठं कुठं पाण्याखालची जमीन त्याच्याही पुढं जाते. ती आमच्याच देशाची चालत आलेली जमीन हाय असं पुराव्यानं दाखवलं, तं तेवढा तळ आणि त्याच्या पोटात काय असंल ते त्या देशाला मिळतं."

"म्हंजे मोजणी," आई म्हणाली.

"मोजणीच. बांध तेवढा पाण्याखाली हाय."

"मग मोजणीचं पैसं कोण भरतो?"

"ज्याची जमीन तो."

"आन त्याच्याकडं नसलं तं?"

तू हसलीस. "तिथंच तं सगळं अडलंय, मावशी."

नंतर मी मोठमोठ्या पदव्यांची माणसं तुझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिली. आईने दोन मिनिटांत विचारलेला प्रश्न त्यांच्यापैकी एकानेही कधी विचारला नाही. उत्तर त्यांना माहीत होतं, म्हणूनच विचारला नसेल.

आपली ओळख कशी झाली ते मी प्रकाशला तुझ्या विधीच्या दिवशी सांगितलं. तुझ्या सख्ख्या भावाला ते माहीत नव्हतं, याचं मला नवल वाटलं. आयटीआयतून आरेखन शिकून मी समुद्रतळाचं सर्वेक्षण करणाऱ्या खात्यात लागले तेव्हा तू तिथे मोठी साहेब होतीस. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन तू नकाशातल्या एका रेषेवर बोट ठेवलंस. मी घाबरून म्हणाले, "नाय मॅडम, ती माझी चूक नाय." तू नकाशा सोडून माझ्याकडे बघितलंस.

"कुठली गो तू?"

"वैशाखऱ्याची. मुरबाड तालुका."

"मी धसईची. बस खाली. आणि चूक तुझीच हाय, पण ती कशी झाली ते मी दाखवते."

त्या दिवसापासून तू मला शिकवत गेलीस. खोलीच्या आकड्यांवरून पाण्याखालचा डोंगर कसा वाचायचा, खंडाच्या कडेचा उतार पाण्याखाली कुठे संपतो, त्याचा पायथा कसा शोधायचा. साहेब लोक आरेखकाला रेषा ओढायला सांगतात. तू मला ती रेषा तिथेच का ओढायची ते सांगायचीस. मी तुझ्याशी भांडू शकले ते त्यामुळेच. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत.

निवृत्त झाल्यावर तू धसईला दोन खोल्या बांधल्यास आणि तिथे लुसियाचं पत्र आलं. लुसिया तुला कुठल्याशा प्रशिक्षणात भेटलेली, एका बेटांच्या देशातली बाई. तिच्या देशाचं जमीन आणि समुद्र दोन्हींचं खातं म्हणजे एक खोली आणि चार माणसं. दोनशे मैलांपलीकडच्या तळावर त्यांचा हक्क होता, पण तो समुद्रतळाच्या हद्दी तपासणाऱ्या न्यूयॉर्कच्या आयोगापुढे शास्त्रीय पुराव्याने मांडावा लागणार होता. तू 'हो' म्हणालीस. मानधनाचं विचारलंही नाहीस. मला म्हणालीस, "त्यांच्याकडं भूगर्भवाली नाय आणि आरेखकही नाय. आपण दोघी हावोत."

दोघींनी अर्जाची कागदपत्रं तयार केली. ती वेळेत पोचली आणि मग रांग लागली. ती रांग किती वर्षांची असते हे मला आधी माहीत असतं तर मी तुला अडवलं असतं. अर्ज लिहिणारे पिकून जातात, मंत्री बदलतात, आणि रांग गोगलगायीसारखी सरकत राहते. बरं, नंबर लागला की काम संपतं असंही नाही. आयोगाच्या उपसमितीसमोर जाऊन बसायचं, आठवडा आठवडा प्रश्नांना उत्तरं द्यायची, परत बोलावलं की परत जायचं. मोठे देश येतात ते पथक घेऊन. वकील वेगळा, भूगर्भवाला वेगळा, आणि कोणी आजारी पडलाच तर बदली माणूसही तयार. लुसियाच्या देशाला एक तिकीट काढायचं तर कुठल्या तरी शाळेचं छप्पर पुढच्या वर्षावर ढकलावं लागतं.

अशांसाठी एक निधी आहे. त्यात श्रीमंत देश मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तेवढं घालतात. तो देण्याचा कार्यक्रम मोठा असतो, भाषणं होतात. मग पुढे बरेच दिवस निधी आटलेला असतो आणि तसं कळवणारं पत्र फार सुंदर भाषेत येतं.

निधीतलं बरंचसं कुठे जातं ते तू एकदा डोळ्यांनी बघून आलीस. लुसियाच्या देशाच्या राजधानीत तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आले होते देणाऱ्या देशातल्याच एका सल्लागार कंपनीचे लोक. त्यांचं विमान, त्यांचं हॉटेल, त्यांची फी, सगळं त्याच मदतीतून. धसईला परत आल्यावर तू चुलीपाशी बसून सांगितलंस, "पहिल्या दिवशी त्यांनी समुद्र म्हंजे काय ते शिकवलं. लुसियाचा बाप मासे मारायला जाऊन समुद्रातच गेलेला. ती पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होती. मला ते बघवेना, संगे. मी उठून बाहेर गेले." तू आणलेला तो जाड फोल्डर मी उघडून बघितला. पहिल्या पानावर पृथ्वीचं चित्र होतं आणि खाली 'क्षमता उभारणी' या अर्थाचे मोठे इंग्रजी शब्द. आत आपल्याच अर्जातले दोन नकाशे होते, माझं नाव काढून टाकलेले.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा नंबर लागला. लुसियाने निधीकडे तिघींच्या प्रवासाचा अर्ज केला. मला पासपोर्ट नव्हता, तरी तू माझंही नाव घातलंस. उत्तर आलं की सध्या निधी उपलब्ध नाही, आपली गरज आम्हाला समजते. देशाला सुनावणी पुढे ढकलून घ्यावी लागली.

त्या संध्याकाळी तू स्टीलच्या कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवलास. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटत आलेला. तुझ्या बाबांची जमीन एका छोट्या तलावात जाणार होती, तेव्हाचा. सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी होती. त्यांच्याकडे एसटीचं भाडं नव्हतं. ते चालत मुरबाडला आले, तिथे कोणी उसने देईल म्हणून ओळखीच्यांची दारं फिरले, आणि गाडी गेली. महिन्याभराने हा कागद आला. तू तेव्हा सातवीत होतीस. घरात वाचता येणारी तू एकटीच, म्हणून तूच त्यांना वाचून दाखवलास. 'हरकतदार गैरहजर. सबब हरकत निकाली.'

"बाबा म्हणाले, परत वाच," तू मला सांगितलंस. "मी परत वाचलं. मग म्हणाले, मी हरकत घेतली होती ना पोरी? मग नाय कशी?"

मी तो कागद हातात धरून बसले. तू चहा टाकायला उठलीस, जणू हवापाण्याचं बोलून झालं. तुझ्याबरोबर इतकी वर्षं काम करून तू हे काम का करतेस ते मला त्या दिवशी कळलं.

मग तो देकार आला. त्यावरून आपलं जे भांडण झालं ते माझ्यापुरतं अजून मिटलेलं नाही.

एक श्रीमंत देश लुसियाच्या सरकारला म्हणाला की आम्ही सगळं करतो. नवं सर्वेक्षण जहाज, तज्ज्ञ, वकील, न्यूयॉर्कचा प्रवास, कितीही वेळा जावं लागलं तरी. अट एकच, समुद्रतळाची मूळ माहिती आमच्या तज्ज्ञांकडे राहील आणि आमच्या कंपन्यांना ती आधी बघता येईल. लुसियाने तुला विचारलं. तू तिला सही करू नका असं सांगितलंस, आणि दुसऱ्या दिवशी मी घरी आल्यावर सुकट भाजता भाजता सहज मलाही सांगितलंस.

मी म्हणाले, "तू त्यांना सही करू नका सांगितलंस? ताई, त्यांना विचारायचं तरी होतंस, दुसरा रस्ता काय हाय त्यांच्याकडं?"

"निधीकडं परत अर्ज."

"निधी रिकामा हाय."

"भरंल."

"कधी? तू हट्ट धरून बसलीस. रेषा मिळू दे ना एकदा. तळ कागदावर त्यांचा होऊ दे, मग पुढं कंपन्यांशी भांडतील ते."

तू तवा उतरवलास. "माझ्या बापाला त्या दिवशी कोणी भाडं दिलं असतं, आणि म्हटलं असतं की तुझा सातबारा माझ्याकडं ठेव, तं त्यानं काय करायचं होतं?"

"घ्यायचं होतं भाडं," मी म्हणाले. "निदान त्या खोलीत जाऊन उभा तरी राहिला असता."

 मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हणाले, "निधी भरायची वाट बघत बसशील तं तू मरशील तोवर."

तू ताटं घेतलीस. आपण जेवलो. तू मला जास्तीची भाकरी वाढलीस आणि आपण दुसऱ्या दिवसापासून परत कामाला लागलो. त्यावर तू पुन्हा बोलली नाहीस आणि मीही बोलले नाही. ते शब्द मी मागे घेतले नाहीत. तुला आठवत नसतील असं मी स्वतःला सांगत राहिले.

यंदा नवी तारीख आली. लुसियाने निधीकडे परत अर्ज केला, यावेळी फक्त तुझा आणि तिचा. तुझं वय बघून त्यांनी प्रकृती ठीक असल्याचा दाखला मागितला. तू कल्याणला जाऊन तो आणलास. मग त्यांनी दुसऱ्या नमुन्यात मागितला, तू परत कल्याणला गेलीस. जिना चढताना तुला दम लागत होता, हे डॉक्टरने दाखल्यात लिहिलं नाही आणि तूही मला सांगितलं नाहीस. प्रकाशने नंतर सांगितलं. अर्ज विचाराधीन आहे, असं शेवटचं उत्तर आलं.

तू चार दिवस प्रकाशकडे भातसानगरला गेलीस. तिथून फोन केलास. नकाशातल्या एका बिंदूबद्दल विचारलंस, मी सांगितलं. मग म्हणालीस, "संगे, रागावलीस काय गो अजून?"

मी म्हणाले, "नाय."

ते 'नाय' कसं होतं ते तुला कळलं असणार. मी रागावलेली होते. तुझ्या हट्टावर, त्या सुंदर पत्रांवर, सगळ्यावर. आणि मला 'त्या दिवशी मी वाईट बोलले' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. गॅसवर दूध होतं, म्हणून मी फोन ठेवला. दोन दिवसांनी सकाळी तुझ्या छातीत कळ आली आणि शहापूरला पोचेपर्यंत सगळं संपलं. मी आले तेव्हा प्रकाश दवाखान्याच्या पायरीवर तुझ्या चपला हातात घेऊन बसला होता.

आता पुढचं.

दहाव्या दिवशी निधीकडून ईमेल आला. लुसियाने तुझं कळवलं होतं. पहिल्या ओळीत दुःख व्यक्त केलं होतं. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की अर्जात नाव दिलेल्या तज्ज्ञ उपलब्ध नसल्याने अर्ज रद्दबातल ठरतो, आपण नव्याने अर्ज करू शकता. संपूर्ण अर्ज, लुसियाच्या नावासकट. मी तो ईमेल मोठ्याने वाचला, घरात कोणी नसताना. मग आंघोळ केली. सकाळी एकदा झाली होती, तरी परत केली.

त्याच आठवड्यात तुझ्यासाठी ऑनलाइन शोकसभा ठेवली होती, त्या प्रशिक्षणवाल्यांनी. पडद्यावर आठ चौकोन. एका चौकोनातला माणूस काहीतरी खात होता आणि त्याचा आवाज सुरू होता. एकीने तुझी निष्ठा वाखाणली आणि तुझं नाव तीनदा चुकीचं घेतलं. शेवटी मिनिटभर शांतता पाळायची म्हणाले, आणि त्या मिनिटात पडद्यावर जे चित्र होतं ते पुढच्या प्रशिक्षणाचं निमंत्रण होतं. काढायचं राहून गेलं असेल. लुसिया मधल्या चौकोनात होती. तिने कॅमेरा बंद केला आणि मीही केला.

आणि मग त्या सल्लागार कंपनीतल्या एकाचं पत्र, थेट मला. 'आपल्या मैत्रिणीचं अपुरं स्वप्न' वगैरे एक परिच्छेद. पुढे लिहिलं होतं की मूळ माहितीच्या फाइली माझ्याकडे धसईला आहेत असं त्यांना समजलंय. त्या पाठवल्या तर ते सगळं 'व्यवस्थित पुढे नेतील', आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या पथकात माझाही समावेश करता येईल.

हे पत्र तुझ्या टेबलावर बसून वाचताना मला ओकारी आली, खरोखरची. मोरीत जाऊन तोंड धुतलं. तुझ्या मरणाची बातमी ऐकून त्या माणसाला पहिल्यांदा काय सुचलं तर फाइली. पण ताई, तुझ्यापाशी खोटं बोलत नाही, ओकारीचं कारण तेवढंच नव्हतं. त्या पत्रात जे मांडलं होतं तेच मी तुझ्या चुलीपाशी मांडलं होतं. भाडं घे, सातबारा दे. माझं म्हणणं त्या माणसाच्या तोंडून ऐकताना मला ते ओळखू आलं.

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लुसियाला फोन केला. "तुमच्या मंत्र्यांनी सही केली का?"

"नाही. पण विचारतायत," ती म्हणाली. "रत्ना नाही, निधी नाही, मग नाही कशाच्या जोरावर म्हणायचं असं विचारतायत. तुला काय वाटतं?"

तुझ्या जागी तिने मला विचारलं. मी काय सांगावं असं तुला वाटलं असेल? मी म्हणाले, "मला काय वाटतं हे विचारू नकोस. मी तिच्याशी यावरून भांडलेय. फाइली तुमच्या आहेत, मी आज त्या सगळ्या तुमच्या खात्याकडे पाठवते. माझ्याकडे काही ठेवत नाही. द्यायच्या की नाही ते तुम्ही ठरवा."

तिने तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "रत्नानेही मला नाही म्हणायला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, सही करू नका असं माझं मत आहे, पण देश तुमचा आहे."

हे तू मला सांगितलं नव्हतंस. मला वाटलं होतं तू त्यांच्या वतीने हट्ट केलास. दोन वर्षं मी तुझ्यावर त्यासाठी रागावले होते. तू एकदा तरी बोलायचं होतंस गो.

फाइली त्याच दिवशी गेल्या. सल्लागाराला मी एका ओळीत कळवलं की माहिती त्या देशाची आहे, त्यांच्याकडे मागा. त्याचं उत्तर आलं नाही. शोकही तिथेच संपला.

लुसिया गेली न्यूयॉर्कला. कशी, ते ऐक. शेजारच्या एका बेटांच्या देशाचीही सुनावणी त्याच सुमारास होती. त्यांच्याकडे दोन माणसांच्या प्रवासाची सोय होती, त्यांनी एकच माणूस पाठवला आणि दुसरी जागा लुसियाला दिली. त्यांची स्वतःची तारांबळ असताना. त्या माणसाने लुसियाच्या सुनावणीत तिच्या शेजारी बसायचं आणि तिने त्याच्या, असं ठरलं. निधीच्या पत्रांसारखी सुंदर भाषा त्यात कुठे नव्हती. फोनवर दहा मिनिटांत ठरलं म्हणे. हे तुला कळायला हवं होतं. या सगळ्या घाणीत तेवढं एक स्वच्छ आहे.

तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. आत मला घेता येणार नव्हतं, पण मधल्या सुट्टीत लागेल तसं विचारीन म्हणून तिने मला फोनजवळ बसायला सांगितलं होतं. मी तुझ्या टेबलावर सगळे नकाशे पसरून बसले. प्रकाश भातसानगरहून आला होता, त्याला काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून तो कांदे चिरत बसला. फोन वाजला तेव्हा लुसिया धापा टाकत बोलत होती. उताराचा पायथा तुम्ही इथेच का धरला, अजून अलीकडे का नाही, असं एका सदस्याने विचारलं होतं.

"मग?"

"मी सांगितलं. तीन पुरावे आहेत म्हटलं, तिन्ही मांडले. रत्नाने माझ्याकडून ते इतक्या वेळा म्हणवून घेतले होते की मला कागद बघावा लागला नाही. तो माणूस म्हणाला, हे काम कोणी केलं? मी तिचं नाव सांगितलं. तुझंही सांगितलं. आणि ती कुठे आहे असं त्याने विचारलं."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, की ती वाट बघत होती."

प्रकाशच्या हातातली सुरी थांबली होती. त्याला इंग्रजी फारसं कळत नाही, पण तुझं नाव त्याने दोनदा ऐकलं होतं. मी त्याला मराठीत सांगितलं. तो उठून मागच्या दारी गेला आणि बराच वेळ आला नाही.

निकाल लागलेला नाही. त्यांनी अजून काही नकाशे मागितलेत आणि पुढच्या सत्राला परत बोलावलंय. म्हणजे परत अर्ज, परत निधी, परत तेच. मंत्र्यांनी अजून सही केलेली नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. यावेळी लुसिया म्हणाली, "तू ये. नकाशा ज्याने काढला त्याला विचारायचं आहे त्यांना." म्हणून मी पासपोर्टचा अर्ज केला.

चौकशीसाठी पोलीस ठाण्यातला हवालदार वैशाखऱ्याला आला होता. भला माणूस. ओटीवर पाणी पिता पिता म्हणाला, "बाहेर कशाला जाताय, बाई? पोरगा असतो काय तिकडं?"

"नाय. समुद्राच्या हद्दीची सुनावणी हाय. एका गरीब देशाची."

"आणि मुरबाडची बाई तिथं काय करणार?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो पहिलाच माणूस, जो उठून गेला नाही. ऐकून म्हणाला, "म्हंजे त्यांची जमीन हाय, पुरावा हाय, आणि तिथं जायला भाडं नाय, म्हणून ती जमीन हातची जाणार?"

"हां."

"असं कसं?" तो म्हणाला. मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून परत म्हणाला, "असं कसं?"  त्याने सही घेतली आणि गाडीवर बसून गेला.

ताई, सगळे म्हणतायत की तू बरोबर होतीस. लुसिया म्हणते, प्रकाश म्हणतो. सल्लागाराचं पत्र वाचल्यापासून मलाही कळतं की ती सही झाली असती तर तळ त्यांचा राहिला नसता. तरी मी त्या दिवशीचं माझं अर्धं म्हणणं मागे घेत नाही. 'तू मरशील' हे मागे घेते. ते बोलले याची लाज मला जन्मभर पुरेल. पण 'त्या खोलीत जाऊन उभं राहायला हवं' हे मागे घेत नाही. त्या सदस्याने 'ती कुठे आहे' असं विचारलं तेव्हा तू दारातून आत यायला हवी होतीस, दम लागलेला असता तरी. तुझं म्हणणं खरं ठरून मला काय करायचंय? पुढच्या सत्राला लुसियाच्या शेजारी मी बसेन, आणि ती जागा माझी नाही हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक असेल.